बिग सायप्रसमध्ये एक दिवस: कमी चालून भरपूर पक्षी-प्राणी पाहायचे तर

दक्षिण फ्लोरिडात पाहुणे आले आणि त्यांना ‘एव्हरग्लेड्स’ दाखवायचं ठरलं, की आपण डोळे मिटून एअरबोटीचं तिकीट काढतो. पंख्याचा कानठळ्या बसवणारा आवाज, कानांवर हेडफोन, भरधाव फेरी आणि शेवटी एखादा सुस्तावलेला अ‍ॅलिगेटर. मजा येते, नाही असं नाही. पण पक्षी पाहायचे असतील, प्राणी निवांत पाहायचे असतील, बरोबर लहान मुलं किंवा गुडघे दुखणारे आईबाबा असतील, तर त्याच रस्त्यावर याहून कितीतरी चांगला आणि जवळजवळ फुकटचा कार्यक्रम आहे. तो म्हणजे बिग सायप्रस नॅशनल प्रिझर्व्ह.

मायामी आणि नेपल्स यांना जोडणारा यूएस ४१, म्हणजे टॅमायामी ट्रेल, या प्रिझर्व्हच्या मधून जातो. प्रवेशशुल्क नाही. पाहण्याच्या बहुतेक जागा रस्त्याला लागून आहेत आणि लाकडी बोर्डवॉकवर व्हीलचेअर किंवा बाबागाडी आरामात जाते. दिवसभरात तीनेक किलोमीटर चालण्याची तयारी असली की पुरे.

मात्र आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. इथे प्राणी शोधायचे नसतात, पाणी शोधायचं असतं.

पाण्याचं गणित

इथे ऋतू दोनच: साधारण मेअखेर ते ऑक्टोबर पावसाळा, आणि नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा काळ. जमीन इतकी सपाट आहे की पावसाळ्यात सगळा प्रदेश पाण्याखाली जातो आणि ते पाणी अगदी सावकाश दक्षिणेकडे, समुद्राकडे सरकत राहतं. तेव्हा मासे सगळीकडे पांगलेले असतात, त्यामुळे त्यांच्यामागे असलेले बगळे, बलाक, अ‍ॅलिगेटरही पांगलेले असतात. हिरवंगार दिसतं, पण दिसत काहीच नाही.

डिसेंबरपासून पाणी आटायला लागतं. जमिनीतला वीतभर उंचसखलपणाही मग निर्णायक ठरतो. उंचवट्यावरचं गवताळ रान कोरडं पडतं, खोलगट भागातल्या सायप्रस झाडांच्या पट्ट्यांत पाणी राहतं, आणि मासे त्या उरलेल्या डबक्यांत दाटीवाटीने अडकतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर एकेका डबक्याभोवती सात-आठ जातींचे पक्षी खांद्याला खांदा लावून उभे असतात.

काही डबकी अ‍ॅलिगेटर स्वतः राखतात. नाकाडाने आणि शेपटीने चिखल, गवत उपसून ते खड्डा मोकळा ठेवतात. त्या खड्ड्यात मग मासे, कासवं, बेडूक कोरडा काळ काढतात, आणि अधूनमधून यजमानाच्या पोटातही जातात.

माणसानेही नकळत असंच एक मोठं डबकं खणून ठेवलंय. टॅमायामी ट्रेल १९२८ मध्ये पूर्ण झाला. दलदलीत रस्ता उचलून घ्यायला भर लागते, ती शेजारचाच चुनखडक फोडून काढली. त्या खोदाईतून रस्त्याच्या कडेने सलग कालवा तयार झाला. आजूबाजूचं रान आटलं तरी कालव्यात पाणी असतं, म्हणून इथे गाडीतून उतरल्या उतरल्या प्राणी दिसतात. ही जागा ‘सोपी’ आहे ती या कालव्यामुळे.

तेव्हा महिना निवडायला वाव असेल तर जानेवारीचा मध्य ते मार्चअखेर. या काळात डास कमी असतात, हवा सुखद असते, आणि आणखी एक फायदा मिळतो: सायप्रस हा सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात पानं गाळतो. झाडं उघडी पडल्यामुळे फांदीवरचं घुबडसुद्धा लपत नाही.

निघण्याआधी

दुर्बीण ८×४२ घ्या. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पटीची दुर्बीण ऐकायला भारी वाटते, पण हात हलला की चित्रही तेवढंच हलतं, आणि इथे पक्षी मुळात इतके जवळ असतात की आठपट भरपूर होते. मुलांना वेगळी, हलकी दुर्बीण द्या. एकाच दुर्बिणीवरून गाडीत जे होतं ते टाळलेलं बरं.

फोनमध्ये मर्लिन हे अ‍ॅप घरीच घ्या आणि फ्लोरिडाचा पक्षीसंच डाउनलोड करून ठेवा. ट्रेलवर बऱ्याच ठिकाणी नेटवर्क नसतं. नकाशाही ऑफलाइन उतरवून घ्या. मर्लिन आवाजावरून पक्षी ओळखतं, पण ते जे सांगेल ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय यादीत लिहू नका. फांद्यांवर खारींचा आणि रस्त्यावर ट्रकचा आवाज चालू असताना त्याचाही कधीकधी गोंधळ होतो.

पेट्रोल भरूनच निघा, पंप फार थोडे आहेत. पाणी आणि डबा बरोबर ठेवा. पायात बूट हवेत, सँडल नको. कारण साप किंवा अ‍ॅलिगेटर नव्हे, कारण रस्त्याकडेच्या गवतातल्या फायर अँट नावाच्या मुंग्या. वारुळावर पाय पडला की त्या आधी पायावर चढतात आणि मग एकदम चावतात, दुसऱ्या दिवशी पांढरे फोड येतात.

पहाट: कर्बी स्टॉर्टर

मायामीहून येत असाल तर वाटेतलं ओएसिस व्हिजिटर सेंटर सध्या सोडून पुढे, पश्चिमेकडे जा. सूर्य पाठीशी असेल. जानेवारीत सूर्योदय सातच्या सुमारास होतो, तेव्हा कर्बी स्टॉर्टर रोडसाइड पार्कला पोचलात की उत्तम.

इथला बोर्डवॉक जाऊन-येऊन साधारण एक मैलाचा. पण या अर्ध्या मैलात अख्खं बिग सायप्रस क्रमाने पाहायला मिळतं. सुरुवातीला उघडं गवताळ रान आणि खुजे, काटकुळे सायप्रस. ती झाडं लहान दिसतात म्हणून रोपं समजू नका. खडकावर माती पातळ असल्याने खुंटलेली ती बरीच जुनी झाडं आहेत. पुढे जमीन खोल होते, तशी झाडं उंच होत जातात, सावली दाटते, बुंध्यांभोवती पाण्यातून वर आलेले सायप्रसचे ‘गुडघे’, म्हणजे मुळांचे सुळके, दिसू लागतात. शेवटी बोर्डवॉक एका डोहापाशी संपतो.

पहिल्या उघड्या टप्प्यात लाल खांद्यांचा ससाणा, म्हणजे रेड-शोल्डर्ड हॉक, हमखास भेटतो. तो इतका ओरडतो की शोधावं लागत नाही. सावलीत शिरलात की मान वर करून आडव्या फांद्या तपासा. बार्ड आउल हे घुबड इथे दिवसाही बोलतं. चार-चार घूत्कारांचे दोन तुकडे, आणि शेवटचा सूर खाली ओढलेला. एकदा ऐकलं की विसरत नाही.

डोहापाशी मात्र किमान वीस मिनिटं थांबा. ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची सूचना आहे आणि सगळ्यात कमी पाळली जाणारीही. लोक येतात, कठड्यावरून डोकावतात, ‘काही नाहीये’ म्हणून परत फिरतात. तुमच्या पावलांनी बोर्डवॉक थरथरतो, त्या कंपनानेच सगळे गप्प झालेले असतात. पाच-सात मिनिटांनी कासवं पुन्हा ओंडक्यावर चढतात. मग समोरच्या झुडपातला ‘काटक्यांचा गुंता’ मान लांब करतो आणि तो हिरवा बगळा निघतो. रातबगळा तर डोक्यावरच्या फांदीवर सुरुवातीपासून बसलेला असतो, तुम्ही पाहिलेलं नसतं इतकंच. हा आपल्याकडे दिसतो तोच रातबगळा, जातसुद्धा तीच.

पांढरे सगळे बगळे नव्हेत, आणि बगळे सगळे एक नव्हेत

परत फिरताना हा घोळ मिटवून टाका, म्हणजे दिवसभर डोकं शांत राहील. पांढरा पक्षी दिसला की अंगाकडे पाहूच नका, चोच आणि पाय पाहा.

चोच पिवळी, पाय काळे, उंची भरपूर: ग्रेट इग्रेट. चोच काळी, पाय काळे, पण पंजे पिवळेजर्द: स्नोई इग्रेट. हा पिवळे पंजे पाण्यात थरथरवून मासे उठवतो, पंजे चिखलात असले तर त्या हालचालीवरूनच ओळखा. चोच राखी-निळसर आणि टोकाला काळपट, पाय हिरवट: हे लिटल ब्लू हेरनचं पिल्लू. मोठेपणी गडद निळा होणारा हा बगळा पहिल्या वर्षी चक्क पांढरा असतो आणि भल्याभल्यांना फसवतो. चोच खाली वाकलेली, लालसर: व्हाइट आयबिस, म्हणजे कुदळ्यांच्या घराण्यातला. आणि पाण्यात नसून गवतावर किडे वेचतोय, चोच आखूड पिवळी: तो आपल्या ओळखीचा गायबगळा. त्याला इथे कोणी आणलं नाही, विसाव्या शतकात तो आपला आपण अमेरिकेत येऊन पसरला.

फेब्रुवारीपासून ग्रेट आणि स्नोई इग्रेटच्या पाठीवर विणीच्या काळातली झिरझिरीत पिसं येतात. या पिसांपायी एकेकाळी त्यांची फ्लोरिडात बेसुमार कत्तल झाली. बायकांच्या हॅटवर लावायला त्यांना सोन्याच्या तोडीचा भाव होता. पिसाऱ्यांच्या शिकाऱ्यांना अडवणारा गाय ब्रॅडली हा वॉर्डन १९०५ मध्ये फ्लमिंगो नावाच्या वस्तीजवळ गोळी लागून मारला गेला. आज तीच पिसं दहा हातांवरून बघता येतात.

एक आकार मात्र वेगळाच ओळखू येतो: टकलं, काळपट, सुरकुतलेलं डोकं आणि भलीमोठी चोच. हा वुड स्टॉर्क, आपल्या चित्रबलाकाच्या अगदी जवळचा नातेवाईक. याची मासेमारी नीट पाहा. उघडी चोच पाण्यात बुडवून तो एक गुलाबी पंजा पुढे काढतो आणि चिखल ढवळतो. डोळ्यांचा उपयोग जवळजवळ नाहीच, चोचीला मासा लागला की ती मिटते, आणि तेही सेकंदाच्या चाळिसाव्या भागात. ही युक्ती मासे दाट असतील तरच परवडते. म्हणूनच याला आटणारं पाणी लागतं, अवेळी मोठा पाऊस होऊन मासे पुन्हा पांगले की घरट्यातली पिल्लं उपाशी पडतात.

त्यानंतर: टर्नर रिव्हर, मग ओएसिस

कर्बी स्टॉर्टरहून आणखी थोडं पश्चिमेला, टर्नर रिव्हर रोडच्या तिठ्यावर एच. पी. विल्यम्स रोडसाइड पार्क आहे. छोटा बोर्डवॉक, स्वच्छतागृह, टेबलं. न्याहारी इथेच उरका. पाणी स्वच्छ असेल तर खाली बघा: लाकडाच्या काटक्यांसारखे स्थिर तरंगणारे लांब तोंडाचे मासे म्हणजे गार. मुलांना पक्ष्यांपेक्षा हेच जास्त आवडतात असा माझा अनुभव आहे.

कठड्यावर किंवा पाण्यावरच्या फांदीवर पंख पसरून बसलेला काळा पक्षी दिसेलच. अ‍ॅनहिंगा, आपल्या तिरंदाजाचा भाऊबंद. याच्या पिसांत पाणी मुरतं, त्यामुळे तो सहज बुडतो, पण बाहेर आल्यावर धुणं वाळत घातल्यासारखे पंख पसरून बसावं लागतं. पाणकावळाही असाच बसतो. फरक चोचीत: अ‍ॅनहिंगाची सरळ, भाल्यासारखी, पाणकावळ्याची टोकाला आकड्यासारखी वळलेली. अ‍ॅनहिंगाने मासा आणला तर हलू नका. मासा चोचीत धरलेला नसतो, भोसकलेला असतो. तो फांदीवर आपटून, झटके देऊन सोडवायचा, हवेत उडवायचा आणि डोक्याकडून गिळायचा, असा सगळा खटाटोप असतो. उडवलेला मासा कधी पाण्यात पडतो. कधी दुसराच कोणी पळवतो.

एवढं झालं की गाडी पूर्वेला वळवा आणि दहा-अकराच्या सुमारास ओएसिस व्हिजिटर सेंटरला या. उशीर मुद्दाम करायचा. अ‍ॅलिगेटर थंड रक्ताचे, सकाळच्या गारव्यात ते पाण्यातच असतात. ऊन तापलं की कालव्याच्या काठावर येऊन पसरतात. कोरड्या हंगामात इथल्या बोर्डवॉकवरून डझनांनी दिसतात. तोंड उघडून पडलेला अ‍ॅलिगेटर चिडलेला नसतो, अंगातली उष्णता बाहेर सोडत असतो. एप्रिलमध्ये आलात तर नराची डरकाळी ऐकायला मिळू शकते. त्या कंपनाने त्याच्या पाठीवरचं पाणी थुईथुई नाचतं.

अंतर किमान पंधरा फूट ठेवा. खायला टाकणं फ्लोरिडात बेकायदा आहे, आणि दंडाहून गंभीर कारण असं की माणसाकडून खाणं मिळतं हे एकदा कळलेला अ‍ॅलिगेटर शेवटी मारावा लागतो. पिवळ्या पट्ट्यांची वीतभर पिल्लं दिसली तर मागे सरा. आई जवळच असते, पिल्लं वर्ष-दोन वर्षं तिच्या राखणीत राहतात. लहान मुलांचा हात धरा, पाण्याच्या काठाशी बसून फोटो काढू नका. एवढं पाळलं की घाबरण्यासारखं काही नाही.

सेंटरमध्ये रेंजरला एकच प्रश्न विचारा: ‘सध्या पाणी कुठे आहे?’ ‘पक्षी कुठे आहेत’ असं विचारलंत तर यादी मिळते, पाण्याबद्दल विचारलंत तर पत्ता मिळतो. लूप रोड चालू आहे का तेही इथेच विचारून घ्या, दुरुस्तीसाठी तो कधी कधी बंद असतो.

याच परिसरात, ओएसिसच्या पूर्वेला, १९६८ मध्ये जगातला सर्वांत मोठा विमानतळ बांधायला घेतला होता. विरोध झाला, एक धावपट्टी झाल्यावर काम थांबलं, आणि पुढे ११ ऑक्टोबर १९७४ रोजी हे प्रिझर्व्ह जाहीर झालं. नॅशनल पार्क न करता ‘प्रिझर्व्ह’ केलं, कारण इथल्या मिकोसुकी आणि सेमिनोल या मूलनिवासी लोकांचे हक्क आणि जुन्या रहिवाशांची शिकार चालू ठेवायची होती. म्हणून हंगामात इथे शिकारी असतात. बोर्डवॉकवर त्याने काही बिघडत नाही, पण आतल्या पायवाटांवर जाणार असाल तर भडक नारिंगी जाकीट घाला.

दुपारनंतर: लूप रोड

हा २४ मैलांचा रस्ता मुख्य रस्त्यापासून फुटतो आणि दक्षिणेकडून वळसा घेऊन पुन्हा त्यालाच मिळतो. मन्रो स्टेशनच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेकडून आत शिरा. सुरुवातीचा मोठा भाग खडीचा आहे, साधी कार चालते, पाऊस झाला असेल तर मात्र विचार करा. दुपारी तीननंतर पश्चिमेकडून पूर्वेला जाताना ऊन पाठीमागून पडतं, आणि मायामीकडच्या तोंडाला बाहेर पडता.

काचा खाली, रेडिओ बंद, वेग ताशी दहा-पंधरा मैल. रस्त्याखालून पाणी जायला मोऱ्या आहेत, प्रत्येक मोरीवर थांबायचं. रस्त्याच्या एका बाजूचं पाणी मोरीतून दुसऱ्या बाजूला जाताना मासे तिथे अरुंद जागेत येतात, आणि हे पक्ष्यांना आपल्याआधी माहीत असतं. काही मैलांवर स्वीटवॉटर स्ट्रँड लागतो: उंच सायप्रस, काळं आरशासारखं पाणी, फांद्यांवर एअर प्लांटचे झुबके. गाडीतच बसून राहिलात तर पक्षी तुमची दखल घेत नाहीत. दार उघडलं की लगेच उडतात. म्हणून फोटो आधी खिडकीतून काढा. उतरायचं असलंच तर गाडीखाली आणि रस्त्याकडेला बघून उतरा, अ‍ॅलिगेटर अगदी कडेला झोपलेले असतात. पूर्वेच्या टोकाकडे घरं आणि खासगी जागा आहेत, तिथे थांबून डोकावू नका.

मुख्य रस्त्यावर मात्र पक्षी दिसला म्हणून ब्रेक मारायचा नाही. गाड्या वेगात असतात, कडेची पट्टी अरुंद. ठरलेल्या थांब्यावरच थांबा.

काय दिसणार नाही

फ्लोरिडा पँथरच्या पिवळ्या पाट्या जागोजागी दिसतील, पँथर दिसणार नाही. अख्ख्या राज्यात मिळून प्रौढ पँथर १२० ते २३० असावेत असा अंदाज आहे. अंधार पडल्यावर पाटीवरचा वेग काटेकोर पाळा, गाडीखाली येणं हे त्यांच्या मरणाचं मोठं कारण आहे.

ससे, रकून फारसे का दिसत नाहीत, असा प्रश्न पडेल. पाळीव म्हणून आणलेले आणि रानात सुटलेले बर्मी अजगर हे त्याचं उत्तर. शेजारच्या एव्हरग्लेड्स नॅशनल पार्कमधल्या रस्त्यांवरच्या नोंदींचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात रकून दिसण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांहून जास्त घसरल्याचं आढळलं. एवढे अजगर आहेत, तरी पर्यटकाला अजगर दिसणं दुर्मीळच. तो अंगावरच्या नक्षीमुळे गवतात मिसळून जातो.

उन्हाळ्यातच येणं झालं तर

मुलांच्या सुट्ट्यांमुळे अनेकांना जून-जुलैच मिळतो. तेव्हा सगळा बेत बदला. सकाळी सात ते दहा एवढाच कार्यक्रम ठेवा, दुपारी विजांचं वादळ जवळजवळ ठरलेलं असतं आणि उघड्या बोर्डवॉकवर तेव्हा असू नये. डासांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि औषध लावा. बगळ्यांची गर्दी विसरा, आकाशाकडे बघा: दुभंगलेल्या लांब शेपटीची काळी-पांढरी स्वॅलो-टेल्ड काइट ही घार फेब्रुवारी-मार्चमध्ये दक्षिण अमेरिकेहून येते आणि ऑगस्टपर्यंत इथे असते. डिसेंबर-जानेवारीतल्या पाहुण्यांना ती बघायला मिळत नाही. ओएसिसचा कालवा तेव्हाही भरलेला असतो आणि दोन-चार अ‍ॅलिगेटर तिथे असतातच. आणखी वेळ असेल तर पूर्वेला एव्हरग्लेड्स नॅशनल पार्कच्या शार्क व्हॅलीत ट्रॅम मिळते. तिथे मात्र प्रवेशशुल्क आहे, आणि ट्रॅमचं तिकीट वेगळं.